सही कोणाची आणि कशावरून?

हुंडीच्या काळात रक्कम एकदाच लिहून मोकळे होण्याची पद्धत नव्हती. हजार रुपयांची हुंडी असेल तर आकडा लिहून झाल्यावर ‘याचे निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे एक हजार’ अशा अर्थाची अक्षरी नोंद केली जाई. वाटेत कोणी एका आकड्यापुढे शून्य वाढवले, तरी निम्म्याचा हिशेब त्याला उघडे पाडत असे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना आणखी एक दक्षता घ्यावी लागे. रुपये हाली सिक्क्याचे की कलदार, हे स्पष्ट असावे लागे, कारण दोहोंचे मोल सारखे नव्हते. शिवाय हुंडी काढणारा ज्याच्यावर ती काढी त्याला वेगळे सूचनापत्र पाठवी. हुंडी हाती आली की मुनीमजी प्रथम अक्षर पाहत, मग सही पाहत, मग सूचनापत्राशी मेळ घालत; आणि एवढे झाल्यावरच ती सकारली जाई.

मुनीमजी न बोलता दोन वेगळे प्रश्न सोडवीत असत. कागद निघाल्यापासून त्यावरील मजकूर बदलला आहे काय, हा पहिला. आणि तो ज्याच्या नावाने आला आहे त्याचाच आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निम्मे-दुपटीच्या हिशेबात होते. दुसऱ्याचे उत्तर अक्षराच्या आणि माणसाच्या ओळखीत. आज हुंडीच्या जागी ई-मेल आला आहे आणि त्यावरील डिजिटल सहीची तपासणी संगणकातील मेलचा प्रोग्रॅम आपोआप करतो. खूण दिसली की दोन्ही प्रश्न सुटले, असा समज त्यामुळे पसरत चालला आहे. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रोग्रॅम स्वतःच्या गणिताने देतो. दुसऱ्याचे उत्तर तो कोणा तिसऱ्याच्या भरवशावर देतो, आणि तो तिसरा विश्वासपात्र आहे की नाही हे ठरवणे पेढीच्या मालकाकडे राहते.

गृहीत धरावे की लातूरच्या एका डाळमिलने नांदेडच्या मोंढ्यातील अडत्याकडून तूर घेतली आहे आणि 18,40,000 रुपये देणे आहेत. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास मेल येतो. जुन्या खात्याचे लेखापरीक्षण चालू असल्यामुळे या वेळची रक्कम सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावी, अशी विनंती आहे. हिशेब पाहणारी सून सासऱ्यांना म्हणते, “बाबूजी, शेठजींचा मेल आहे. खाते बदलले म्हणतात. खाली सहीही त्यांचीच आहे.” बाबूजी चष्मा लावून पडद्याकडे पाहतात. लेटरहेड तेच, 27 ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक तोच, निळ्या शाईतील वळणदार सहीही तीच. ते म्हणतात, “पाठवून दे बेटा. सणाचे दिवस आहेत, त्यांनाही पैसे लागतील.”

या घरात कोणी निष्काळजी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यांनी सही पाहिली आहे. परंतु जी पाहिली ती सही नसून सहीचे चित्र आहे. मागच्या वर्षीच्या कोणत्याही बिलावरून ते दोन मिनिटांत कापून घेता येते. मेलच्या वर जे नाव दिसते ते पाठवणाऱ्याने स्वतः टाईप केलेले असते. पत्त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे असेल तर निदान बारकाईने पाहणाऱ्याला ते कळू शकते. मात्र चोराने अडत्याच्या मेलपेटीचा पासवर्डच मिळवला असेल, तर पत्ताही खरा असतो आणि मागील बिलाच्या खऱ्या मेललाच जोडून उत्तर आलेले असते. आरटीजीएसची सेवा 14 डिसेंबर 2020 पासून दिवसरात्र सुरू आहे, त्यामुळे शनिवार-रविवारचा आडोसाही उरलेला नाही. रक्कम गेल्यावर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार केली आणि पैसे अजून त्या खात्यातच असले, तर ते गोठवले जाण्याची शक्यता असते. तास उलटत जातील तशी ती शक्यता घटत जाते.

अशा प्रसंगी डिजिटल सही उपयोगी पडते, आणि तीही एका साध्या कारणाने: पासवर्ड दूर बसून चोरता येतो, पण सहीची किल्ली मालकाच्या टेबलाच्या खणात असते.

ही किल्ली म्हणजे यूएसबी टोकन. डाळमिलवाल्यांना आणि अडत्यांना ते परके नाही. कंपनीची विवरणपत्रे, शासकीय निविदा, कंपनी असल्यास जीएसटीचे विवरण, या सर्वांसाठी ते लागते. टोकनात एक खासगी किल्ली असते, जी त्यातून बाहेर काढता येत नाही. तिची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्रात नमूद असते आणि ती कोणालाही देता येते. सही करताना संगणक मजकुराचा एक ठरावीक लांबीचा सारांश-आकडा काढतो. त्याला हॅश म्हणतात. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्णपणे निराळा येतो. या हॅशवर खासगी किल्लीने प्रक्रिया केली की जे तयार होते तीच सही. वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम आलेल्या मजकुराचा हॅश स्वतः काढतो आणि सार्वजनिक किल्लीच्या साहाय्याने सहीशी ताडतो. निमे-दुपटीचा हिशेब हाच. फक्त तो रकमेपुरता न राहता पूर्ण पत्राला लागू झाला आहे. 5 कोटींपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस अनिवार्य झाले आणि त्यांच्या बिलावर 64 अक्षरांचा लांबलचक आयआरएन छापला जाऊ लागला. तोही एक हॅशच आहे. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, दस्ताचा प्रकार व क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून तो काढलेला असतो. म्हणजे हे गणित पेढीवर केव्हाच येऊन बसले आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 हा 17 ऑक्टोबर 2000 पासून अमलात आला आणि त्याने अशा सहीला मान्यता दिली. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांना परवाना देण्यासाठी केंद्र शासनाने एक नियंत्रक नेमला असून त्याचे कार्यालय सीसीए या नावाने ओळखले जाते. 1 जानेवारी 2021 पासून क्लास 2 प्रकारची प्रमाणपत्रे देणे बंद झाले. आता क्लास 3 घ्यावे लागते. त्यासाठी अर्जदाराची ओळख चित्रफितीद्वारेही पडताळली जाते. मृत्युपत्राला मात्र हा कायदा लागू नाही. ते टोकनाने करता येत नाही, त्यासाठी कागदच लागतो. घराण्यातील वडीलधाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता प्रोग्रॅमकडे वळू. विंडोजवरील जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये सही असलेल्या मेलपुढे लहान लाल फितीची खूण दिसते. तिच्यावर क्लिक केल्यास सही कोणाची, प्रमाणपत्र कोणी दिले आणि ते कधीपर्यंत वैध आहे, हे उघडते. थंडरबर्डमध्ये मेलच्या शीर्षभागात ‘एस-माइम’ अशी पट्टी येते. तिच्यावर क्लिक केले की तीच माहिती मिळते. जी-मेलचे साधे मोफत खाते ब्राउझरमध्ये उघडणाऱ्यांना मात्र ही तपासणी मिळत नाही. त्यांना मेलसोबत ‘एसमाइम’ नावाची एक छोटी जोडफाईल दिसते, जी उघडत नाही आणि पुष्कळदा विषाणू समजून फेकली जाते. ती फाईल म्हणजेच सही. ज्या पेढीला सहीचे मेल तपासायचे आहेत, तिने निदान हिशेबाच्या एका संगणकावर थंडरबर्ड किंवा आउटलुक घेणे इष्ट.

खूण दिसणे आणि खूण वाचणे यांत अंतर आहे. सही वैध आहे, एवढे कळल्यावर ती कोणाची हे वाचावेच लागते. ठकानेही स्वतःच्या नावाचे खरे टोकन घेतलेले असू शकते. त्याची सही गणिताच्या दृष्टीने निर्दोष असेल. म्हणून प्रमाणपत्रातील व्यक्तीचे नाव, फर्मचे नाव आणि ई-मेल पत्ता, तिन्ही पाहावेत. प्रमाणपत्रातील ई-मेल पत्ता आणि मेल पाठवणाऱ्याचा पत्ता जुळला नाही, तर चांगला प्रोग्रॅम तसे सांगतो. हा इशारा दर वेळी ठकाचाच असतो असे नाही. टोकन घेताना अर्ज भरणाऱ्याने घाईत स्वतःचा किंवा दुकानातील मुलाचा ई-मेल लिहून दिलेला असेल, तर शेठजींच्या खऱ्या मेललाही तो इशारा लागतो. नवे टोकन घेताना अर्जात कोणता पत्ता जातो आहे हे मालकाने स्वतः पाहिले, तर पुढील तीन वर्षांचा त्रास वाचतो.

लाल इशारा आला की मजकूर बदलला आहे असे प्रोग्रॅम म्हणतो. तेथेही घाबरून जाऊन समोरच्याशी व्यवहार तोडण्याचे कारण नाही. काही मेल-सेवा किंवा विषाणूरोधक प्रोग्रॅम प्रत्येक मेलच्या तळाशी ‘हा मेल तपासलेला आहे’ अशी ओळ जोडतात. ती ओळ सही झाल्यानंतर पडलेली असल्याने सही मोडते. परंतु हा निष्कर्ष काढण्याआधी नेहमीच्या जुन्या क्रमांकावर फोन करावा. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर करू नये, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. तरीही चुका तेथेच होतात.

सर्वाधिक गोंधळ करणारा इशारा मात्र तिसरा आहे: ‘सही आहे, परंतु वैधता अज्ञात.’ आधारची पीडीएफ ज्यांनी संगणकावर उघडली आहे त्यांनी पिवळे प्रश्नचिन्ह अनेकदा पाहिले असेल. त्याचा अर्थ सही खोटी आहे असा नाही. गणित जुळले आहे; पण प्रमाणपत्र देणाऱ्याला हा प्रोग्रॅम ओळखत नाही. शहाजोग हुंडीचे पैसे कोणालाही दिले जात नसत. बाजारात ‘शाह’ म्हणून मानल्या गेलेल्या पेढीलाच दिले जात. तशीच प्रत्येक प्रोग्रॅमजवळ शाह मानलेल्यांची एक यादी असते. आउटलुक विंडोजची यादी पाहतो, थंडरबर्ड मोझिलाची. भारतातील प्रत्येक टोकनाचे प्रमाणपत्र वर चढत चढत अखेर ‘सीसीए इंडिया’ या शासकीय मूळ प्रमाणपत्राशी जाऊन पोहोचते. ते मूळ एखाद्याच्या यादीत नसले की खालची सर्व साखळी अनोळखी ठरते. थंडरबर्डमध्ये भारतीय टोकनाची सही प्रथम आली की बहुधा असेच होते.

यादीत असणे म्हणजे निर्दोष असणे, असेही समजू नये. जुलै 2014 मध्ये याचा अनुभव साऱ्या जगाने घेतला. शासनाच्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन व्यवस्थेतून गुगलच्या संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे 2 जुलैला गुगलच्या लक्षात आले. भारताचे मूळ प्रमाणपत्र तेव्हा विंडोजच्या यादीत होते, त्यामुळे त्या यादीवर विसंबणाऱ्या प्रोग्रॅमना ती खोटी प्रमाणपत्रे खरी वाटली असती. मोझिलाच्या यादीत ते नव्हते, म्हणून फायरफॉक्सला धोका नव्हता. दुसऱ्याच दिवशी सीसीएने एनआयसीची संबंधित मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केल्याचे कळवले. पुढे गुगलने क्रोममध्ये भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता ठरावीक संकेतस्थळांपुरती मर्यादित केली. पेढीच्या भाषेत सांगायचे तर एका मोठ्या शाहाच्या मुनिमाकडून शिक्के भलत्याच्या हाती गेले, आणि बाजाराने त्या शाहाची पत कमी केली. पत ही एकदाच ठरवून विसरण्याची गोष्ट नसते, हे या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको.

मग वैधता अज्ञात असे आले तर काय करावे? पुष्कळ ठिकाणी संगणक दुरुस्त करणारा मुलगा येतो, पटापट ‘ट्रस्ट’ची बटणे दाबतो आणि पिवळे चिन्ह घालवून जातो. चिन्ह गेले, पण तपासणीही गेली. योग्य क्रम असा की मूळ प्रमाणपत्र सीसीएच्या शासकीय संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. मेलला जोडून आलेले किंवा कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले घेऊ नये. थंडरबर्डमध्ये सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात सर्टिफिकेट्स आहेत, तेथे ऑथॉरिटीज या यादीत ते आयात करता येते. आयात करताना हे मूळ कशासाठी मानायचे असे विचारले जाते. ई-मेल वापरकर्त्यांची ओळख, एवढ्याच चौकटीत खूण करावी. संकेतस्थळांच्या ओळखीसाठी त्याला मान्यता देण्याचे कारण नाही. त्याच ठिकाणी ओसीएसपी नावाची एक निवड आहे, ती चालू ठेवावी. तिच्यामुळे प्रमाणपत्र मध्येच रद्द झाले आहे काय, हे प्रोग्रॅम थेट विचारून घेतो. भरलेल्या हुंडीला खोखा म्हणत. खोखा पुन्हा बाजारात फिरू लागला तर तो ओळखता आला पाहिजे, तसेच हे. इंटरनेट मंद असले की ही विचारणा अडते आणि इशारा येतो. काही वेळाने मेल पुन्हा उघडून पाहावा.

स्वतः सही करून पाठवायची असेल तर आउटलुकमध्ये फाईल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर आणि ई-मेल सिक्युरिटी या वाटेने जाऊन सही जोडण्याची निवड करावी. तेथेच साध्या वाचनीय स्वरूपात सही पाठवण्याचीही निवड आहे. ती चालू असली की ज्यांच्याकडे तपासणीची सोय नाही त्यांनाही निदान पत्र वाचता येते. थंडरबर्डमध्ये टोकन आधी सिक्युरिटी डिव्हायसेसमध्ये जोडावे लागते आणि मग खात्याच्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शन या भागात आपले प्रमाणपत्र निवडावे लागते. हे एकदाच करायचे काम आहे, घरातील कोणतेही शिकते मूल अर्ध्या तासात करील.

तरीही सहीकडून जे मागू नये ते मागितले जाते. मजकूर खरा आहे की नाही, हे सही सांगत नाही. मारवाडी पेढ्यांची जुनी लिपी काना-मात्रा न देता लिहिली जाई. ‘काकाजी अजमेर गए’ असे लिहिलेले पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गए’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली, ही गोष्ट बहुतेक घरांत ऐकलेली असेल. त्या पत्रावर सही खरी होती, अक्षर खरे होते. तसेच शेठजींनी खाते क्रमांकातला एक आकडा चुकवून त्यावर स्वतःच्या टोकनाने सही केली, तर चुकीचा क्रमांक अत्यंत विश्वसनीय रीतीने लातूरला पोहोचेल. रक्कम मोठी आणि खाते नवे असेल, तर आधी एक रुपया पाठवून तो मिळाल्याचे फोनवर विचारण्याची रीत सही आली म्हणून सोडू नये.

आणि आता त्या खणातील टोकनाविषयी, कारण सारी इमारत त्यावर उभी आहे.

अनेक घरांत टोकन बाबूजींच्या नावाचे असते आणि ते करसल्लागाराच्या कचेरीत, इतर पन्नास जणांच्या टोकनांसोबत एका डब्यात असते. त्याला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर पिन लिहिलेला असतो. सोयीसाठी ते केलेले असते, फसवण्याचा हेतू कोणाचाच नसतो. परंतु अधिनियमाच्या कलम 42 ने खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य प्रमाणपत्रधारकावर टाकले आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास विनाविलंब कळवण्याचेही. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास कलम 66-क नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाद उद्भवलाच तर ‘सही माझ्या टोकनाची आहे, पण मी केली नाही’ हे सिद्ध करण्याचा भार बाबूजींवर येऊन पडतो, आणि पिनची चिठ्ठी त्यांच्या विरुद्ध बोलते.

धर्माच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आहे. दुसऱ्याने जे म्हटले नाही किंवा केले नाही, ते त्याने म्हटले वा केले असे वंचनेसाठी लिहिणे, असा तिचा अर्थ आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत स्पष्ट केला आहे. मुलगा वडिलांच्या संमतीने त्यांचे टोकन लावून मेल पाठवतो, तेव्हा वंचनेचा हेतू नाही. म्हणून तो कूटलेख नाही, असे म्हणता येईल आणि ते खोटेही ठरणार नाही. परंतु नांदेडचा व्यापारी जेव्हा ती सही तपासतो, तेव्हा बाबूजींनी स्वतः पत्र वाचून संमती दिली आहे असे तो समजतो. बाबूजी त्या वेळी मंदिरात किंवा स्थानकात बसलेले असतात. सही देणाऱ्या घराचा हेतू शुद्ध असूनही घेणाऱ्याची समजूत चुकीची होते, आणि दर लाखांचा व्यवहार तो त्या समजुतीवर करतो. त्याहून कठीण प्रसंग म्हणजे बाबूजींचा देहावसान झाल्यावरही टोकनाची मुदत शिल्लक असते, आणि विवरणपत्राची शेवटची तारीख जवळ आलेली असते. कपाटातील टोकन तेव्हा हाक मारते. गेलेल्या माणसाच्या नावाने केलेल्या सहीला संमतीचा आधार कोणत्याही अर्थाने उरत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवून ते रद्द करणे हे सुतकाच्या दिवसांतही आठवणीने करण्याचे काम आहे.

उपाय महागडा नाही. जो खरोखर मेल लिहितो आणि पैसे पाठवतो त्याच्या नावाने, फर्मचे अधिकारपत्र जोडून, स्वतंत्र टोकन घ्यावे. सून हिशेब पाहत असेल तर सुनेच्या नावाने घ्यावे. मग नांदेडला जी सही पोहोचेल ती जिने पत्र लिहिले तिचीच असेल, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

सहीचा मेल पुढे पाठवताना ती टिकवायची असेल, तर मूळ मेल जोडफाईल म्हणून पाठवावा. नेहमीच्या फॉरवर्डने मजकूर जातो, सही मागे राहते. व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या पडद्याच्या छायाचित्राची किंमत तर त्या निळ्या चित्राएवढीच. प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता दिसली, की छापील प्रतीवर विसंबू नये, मूळ मेलची फाईल जशीच्या तशी जतन करावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीचा हॅश लिहिण्याची जागाच दिलेली आहे.

प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. नवे घेतले की किल्लीही नवी येते. म्हणून जुने संपण्याच्या आठ-दहा दिवस आधी नवे घ्यावे आणि नव्या प्रमाणपत्राची सूचना जुन्याच टोकनाने सही करून सर्व नित्याच्या पेढ्यांना पाठवावी. ज्याची ओळख पटलेली आहे त्यानेच नव्याची ओळख करून द्यावी, हा तो हिशेब. मुदत केव्हा संपते हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही. दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर शुभ-लाभ लिहून झाले की पहिल्या पानाच्या कोपऱ्यात घरातील प्रत्येक टोकनाचे नाव, मुदतीची तारीख आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, एवढे लिहून ठेवावे. पिन मात्र तेथे लिहू नये.